घडी न मोडलेला पलंग

आमच्या घरात नवी साडी आली की आई ती लगेच नेसायची नाही. आधी विचारणा व्हायची, घडी कोण मोडणार? मग ती साडी मावशीकडे जायची नाहीतर शेजारच्या काकूंकडे, त्यांनी कुणाच्या तरी बारशाला किंवा मंगळागौरीला नेसून घडी मोडून आणायची, आणि मग आई नेसणार. लहानपणी मला हे विचित्रच वाटायचं, आपली नवी कोरी वस्तू आधी दुसऱ्याला कशाला द्यायची. आता कळतं की त्यात केवढी माया होती. आणि घडी मोडल्याशिवाय साडी घरातली झाली असं वाटायचंच नाही, तोपर्यंत ती दुकानातलीच.

हा शब्द मला इंग्लंडमध्ये, डर्बीशायरमधल्या एका अंधाऱ्या खोलीत परत भेटला, तोही आईच्याच तोंडून.

मी डर्बीला राहते. मागच्या उन्हाळ्यात आई नाशिकहून तीन महिने माझ्याकडे आली होती. तिला लंडन वगैरे दाखवून झालं, पण गर्दीत ती दमते, म्हणून एका शनिवारी जवळच असलेलं कॅल्क ॲबी बघायला नेलं. टिकनॉल गावाशेजारी आहे, आमच्या घरापासून गाडीने अर्धा तास पण लागत नाही. नावात ॲबी असलं तरी आता तिथे मठ नाही, १७०१ ते १७०४ मध्ये बांधलेला हार्पर घराण्याचा (पुढे ते हार्पर क्रू झाले) मोठा दगडी वाडा आहे. मी आधी एकदा मैत्रिणींबरोबर गेले होते पण तेव्हा मुलं लहान होती, सगळा वेळ त्यांच्या मागे धावण्यात गेला आणि पलंगाच्या खोलीत मी बहुतेक दोन मिनिटंसुद्धा थांबले नव्हते.

या घराची गंमत अशी की ते दुरुस्त केलंय पण सजवलेलं नाही. नॅशनल ट्रस्टने (जुनी घरं जपणारी तिकडची संस्था) १९८५ साली ताब्यात घेतलं तेव्हा जसं होतं तसंच ठेवायचं असं ठरवलं. त्यामुळे काही खोल्यांमध्ये वॉलपेपर सुटून लोंबतोय, रंगाचे पोपडे निघालेत, खेळणी, खुर्च्या, हरणांची शिंगं, पेंढा भरलेले पक्षी सगळं एकावर एक रचलेलं. या घराण्यातले एक सर व्हॉन्सी, १९२४ मध्ये वारले, त्यांना पक्षी, किडे, अंडी जमवायचा नाद होता आणि त्यांनी आपल्या इस्टेटीत मोटारगाडी येऊ दिली नाही म्हणे मरेपर्यंत. घरात वीज आली ती १९६२ मध्ये! पिढ्यानपिढ्या त्या घराने काही टाकलंच नाही, एखादी खोली भरली की दार लावायचं आणि पुढच्या खोलीत राहायला जायचं. शेवटी १९८१ मध्ये चार्ल्स हार्पर क्रू अचानक गेले आणि वारसाकराचा बोजा आला सुमारे ८० लाख पौंडांचा, त्यावर रोजचं व्याजच दीड हजार पौंड. कुटुंबाला ते झेपणारं नव्हतंच. मग बरीच खटपट होऊन सरकारी मदतीने घर ट्रस्टकडे आलं आणि १९८९ पासून लोकांना बघायला खुलं झालं.

आई एकेका खोलीत थांबून बघत होती. सिन्नरचा आमच्या आजोळचा वाडा तिला आठवत असणार, कारण एका खोलीत ती हळूच म्हणाली, "कोणालाच आवरावंसं वाटलं नसेल गं. माणूस गेलं की त्याच्या वस्तूला हात लावायचा धीर होत नाही."

आणि मग ती खोली आली.

घर ट्रस्टकडे येण्याच्या त्या धावपळीत सगळ्या वस्तूंची मोजदाद चालली होती तेव्हा तिथे खोक्यांमध्ये एक पलंग सापडला. म्हणजे पलंगाचे भाग आणि त्याचे पडदे, छत, झालरी, सगळं बांधलेलं. चिनी रेशमावर चिनी कारागिरांनी केलेलं भरतकाम, अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं, साधारण १७१५ च्या आसपासचा हा पलंग राजा पहिला जॉर्ज याच्या दरबारासाठी बनला असावा असं मानतात. या घरात तो आला असावा लग्नाच्या आहेरातून. १७३४ साली दुसऱ्या जॉर्जची मुलगी राजकन्या ॲन हिचं लग्न झालं, तिच्या करवल्यांमध्ये लेडी कॅरोलाइन मॅनर्स होती, आणि त्याच वर्षी कॅरोलाइनचं लग्न सर हेन्री हार्परशी होऊन ती कॅल्कला आली. राजकन्येने करवलीला दिलेली भेट. आणि हा पलंग तेव्हापासून बहुतेक कधी नीट उभाच केला गेला नाही. अडीचशे वर्षं खोक्यात.

आता तो काचेमागे उभा आहे. खोलीत उजेड इतका कमी की आत गेल्यावर पहिला अर्धा मिनिट काहीच दिसत नाही, नुसता एक उंच काळोखा चौकोन. दाराशी एक वयस्कर स्वयंसेविका उभी होती, ती म्हणाली, थांबा जरा, डोळ्यांना वेळ द्या. आम्ही थांबलो. आणि मग देवघरात समई लावल्यावर कोनाडा हळूहळू दिसायला लागतो ना तसं एकेक दिसायला लागलं. आधी वरची झालर. मग गडद निळी जमीन, दुसऱ्या कापडावर पांढरी जमीन. मग माणसं, झाडं, पक्षी, हरणं, ड्रॅगन. आणि रंग! मी खूप जुनी कापडं म्युझियममध्ये बघितली आहेत, ती सगळी चहाच्या चोथ्याच्या रंगाची झालेली असतात, हिरव्याचा निळा झालेला, गुलाबीचा मातकट झालेला. इथे निळा निळाच होता. काल दुकानातून आणल्यासारखा.

आईने नाशिकला पंचवीस वर्षं शिवण आणि भरतकामाचा क्लास चालवला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिला लांबचं छान दिसतं, जवळचं चष्म्याशिवाय दिसत नाही. ती काचेपासून दोन पावलं मागे सरकली, चष्मा काढला, परत घातला, आणि मग नाक काचेला लागेल इतकी पुढे झाली. पहिलं वाक्य होतं, "टाका दिसतच नाहीये." मी म्हटलं अंधार आहे म्हणून. ती म्हणाली नाही, अंधार म्हणून नाही, भरीव टाका इतका जवळजवळ घातलाय की कुठे सुरू झाला आणि कुठे संपला ते कळत नाही. पीळ न दिलेलं रेशीम वापरलं असणार, म्हणून असं लोण्यासारखं बसलंय. पिळाचा दोरा असता तर दाणे दिसले असते.

मग त्या स्वयंसेविकेने आम्हाला एक गोष्ट दाखवली जी मी एकटी असते तर मला कधीच दिसली नसती. झाडांच्या खोडावरच्या गाठी आणि फुलपाखरांच्या पंखांवरच्या खुणा रेशमाच्या नाहीतच. त्या मोराच्या पिसाच्या आहेत. पीस घट्ट गुंडाळून त्याच्या दोऱ्याने ती खूण भरलीय. मी आईला मराठीत सांगितलं तर ती माझ्याकडे बघतच राहिली. मग एका फुलपाखरापाशी ती खाली वाकली, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, आणि आपण हललो की त्या ठिपक्याचा रंग हलतो. एकदा हिरवा, एकदा तपकिरी, एकदा जवळजवळ काळा. रुपयाच्या नाण्याहून लहान जागा, तिच्यासाठी कुणीतरी मोरपीस निवडलं असेल, त्याचे केस बोटांनी वळले असतील, आणि ते ज्या पलंगावर जाणार तो कुठे असेल याची त्या माणसाला काडीचीही कल्पना नसेल. आईने नंतर गाडीत मला सांगितलं की क्लासमध्ये ती मुलींना मोराचं डिझाइन द्यायची तेव्हा डोळ्याला आरसा लावायला शिकवायची, खरं पीस लावावं हे तिला कधी सुचलं नाही.

बराच वेळ ती तिथे उभी होती. मागून लोक येत जात होते. निघताना म्हणाली, "एवढं सगळं केलं, आणि याची घडी मोडायला कोणी आलंच नाही."

मला वाटतं त्या दिवशी तिला पलंग बघून जितका आनंद झाला तितकंच वाईटही वाटलं. आणि मला ते दोन्ही पटतं.

कारण हा पलंग टिकला तो न वापरल्यामुळेच, यात शंका नाही. नैसर्गिक धाग्यांमध्ये प्रकाशाने सगळ्यात लवकर खराब होणारं म्हणजे रेशीम. उजेड, त्यातही अतिनील किरण, रंग तर उडवतातच पण धागासुद्धा आतून तोडतात, आणि एकदा झालेलं नुकसान भरून येत नाही, थोडं थोडं साठत जातं. आज दहा मिनिटं उद्या दहा मिनिटं असं करत शंभर वर्षांत कापड हातात भुगा होतं. म्हणून म्युझियमवाले अशा कापडावर ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) वर उजेड पडू देत नाहीत. आपल्या ऑफिसमध्ये ३०० ते ५०० लक्स असतो आणि भर दुपारच्या उन्हात तर लाखाच्या घरात, म्हणजे आपण गच्चीवर साडी वाळत घालतो तेव्हा काय होत असेल बघा. कॅल्कच्या पलंगाला अडीचशे वर्षं ऊन लागलं नाही, मेणबत्तीची काजळी लागली नाही, कोणाचं डोकं टेकलं नाही, कोणी पडदा ओढून बंद केला नाही. त्या काळचे असे जे पलंग वापरात होते त्यांचं बहुतेकांचं कापड गेलंच, नुसता सांगाडा राहिला. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये वेअरचा तो प्रसिद्ध मोठा पलंग आहे ना, १५९० च्या सुमाराचा, तीन मीटरपेक्षा रुंद, शेक्सपिअरच्या नाटकात पण ज्याचा उल्लेख येतो, त्याच्या ओकच्या खांबांवर जुन्या पाहुण्यांनी कोरलेली नावं आहेत, पण त्याचे मूळ पडदे नाहीत.

आणि गंमत म्हणजे त्या काळात पलंगात किंमत असायची ती लाकडाची नाही, कापडाची. लाकूड सुताराकडून कधीही मिळायचं. रेशीम, मखमल, सोन्याची तार, भरतकाम यातच सगळा पैसा. शिवाय थंडी. चारी बाजूंनी जाड पडदे ओढले की आत एक छोटी उबदार खोली तयार व्हायची, आणि नोकरमाणसं त्याच खोलीत झोपलेली असायची त्यांच्यापासून आडोसाही. पण कॅल्कसारख्या पलंगाचं त्याहून वेगळं, हे मानाचे पलंग. राजा किंवा राणी पाहुणे म्हणून आले तर त्यांच्यासाठी, किंवा राजाने आपल्याला दिला हे लोकांना दाखवण्यासाठी. झोप हा त्यातला शेवटचा मुद्दा.

आपल्याकडे छपरी पलंगाचा हिशोब वेगळा होता. सिन्नरला आजोबांचा सागवानी छपरी पलंग होता, चार कोपऱ्यांना कातलेले खांब, वर चौकट, चौकटीवर जाड मांजरपाटाचं छत. तिथे थंडीचा प्रश्न नव्हता, वाड्याला मातीचं माळवद होतं आणि त्यातून सारखी माती झडायची, कधी पाल पडायची, एकदा विंचू पडला होता म्हणे. छत त्यासाठी. आणि खांबांना मच्छरदाणी. त्या छताला आजीने कडेने लाल दोऱ्याने उलट्या टाक्याची वेल काढली होती, एवढंच काय ते भरतकाम. दर दिवाळीला ते छत उतरवून अंगणात झटकायचं काम आम्हा मुलांकडे असायचं, आणि त्यातून पडलेल्या मातीचा ढीग बघून आम्ही ओरडायचो की एवढी सगळी आपल्या अंगावर पडली असती! आई त्या पलंगावर जन्मली. मामा जन्मले. आजोबा त्याच पलंगावर गेले.

त्या पलंगाचं पुढे असं झालं की वाडा विकला आणि मामांनी नाशिकला फ्लॅट घेतला. पलंग बेडरूममध्ये लावला तर वरची चौकट सीलिंग फॅनला लागायला लागली. आठ दिवस पंख्याशिवाय काढले आणि मग सुताराला बोलावून चारही खांब गादीच्या वर वीतभर ठेवून कापून टाकले. मी तेव्हा कॉलेजात होते, मला तेव्हा त्यात काहीच वाटलं नाही. आता तो पलंग आईकडे आहे, कापलेल्या खांबांवर आई टॉवेल वाळत घालते. छत कुठे गेलं कोणालाच आठवत नाही. बहुतेक फरशी पुसायला गेलं.

पण मला जी गोष्ट त्या अंधाऱ्या खोलीत खरी टोचत होती ती पलंगाची नव्हतीच, पैठणीची होती.

आजीची एक पैठणी होती. येवल्याची, तिच्या लग्नातली, जांभळी, पदरावर मोर. आजीने ती लग्नात नेसली आणि नंतर आयुष्यात दोनदा की तीनदा. चांगल्या दिवसासाठी म्हणून ठेवली होती. लोखंडी ट्रंकेत, आजोबांच्या जुन्या धोतरात गुंडाळून, सोबत वेखंडाचे तुकडे. आजी गेल्यावर ती आईकडे आली आणि आईनेही तशीच ठेवली, माझ्या लग्नासाठी. प्लास्टिकमध्ये घालू नये, डांबरगोळी जरीला लागू देऊ नये, हे सगळं आईला माहीत होतं आणि ती ते पाळायची. माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी सगळ्या मावश्या, माम्या जमल्या, ट्रंक उघडली, धोतर सोडलं, आणि आईने पैठणी उलगडली. एक बारीक आवाज आला. वाळलेलं पिंपळाचं पान चुरगळावं तसा. कोणी काही बोललं नाही. आईने आणखी एक घडी उलगडली आणि परत तो आवाज. रंग बघाल तर जशाच्या तसा, पदरावरचे मोर झगझगीत, पण जिथे जिथे घडी होती तिथे कापड सरळ रेषेत चिरलं होतं, मापाने पट्टी ठेवून कापल्यासारखं. वर्षानुवर्षं त्याच जागी तीच घडी, धागा तिथेच मोडत गेला. वर्षातून दोनदा उलगडून घडीची जागा बदलायला हवी होती. आईला ते माहीत होतं आणि काही वर्षं तिने केलंही, मग बाबांचं आजारपण आलं, क्लास, आमची शिक्षणं, राहून गेलं. मी दुसरी साडी नेसून लग्नाला उभी राहिले. आई आत जाऊन रडली हे मला मावशीने खूप नंतर सांगितलं.

म्हणून त्या पलंगासमोर मी मनात हेच विचारत होते की अडीचशे वर्षं हे कापड घडीत राहिलं आणि चिरलं नाही, मग आमचं का चिरलं? त्याचं उत्तर काही फार गूढ नाही, हवा वेगळी, दमटपणा वेगळा, त्यांच्या खोक्याला थंडगार काळोखी खोली मिळाली आणि आमच्या ट्रंकेला नाशिकचा मे महिना, वरून पत्र्याची ट्रंक. पण उत्तर कळून मनाची समजूत पटते असं थोडंच आहे.

घरी आल्यावर आईला चैन पडेना. रात्री जेवण झाल्यावर टॅब घेऊन बसली आणि म्हणाली मला आणखी असे पलंग दाखव. आम्ही व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या संग्रहातले फोटो उघडले आणि तिथे मला एक गोष्ट सापडली जी मला खरंच माहीत नव्हती. साधारण १७०० च्या सुमाराला इंग्लंडमधल्या श्रीमंत घरांतल्या पलंगांचे पडदे गुजरातमधून भरतकाम करून यायचे. ससेक्समधल्या ॲशबर्नहॅम नावाच्या घरातले असे पडदे त्या म्युझियमकडे आहेत, सुती कापडावर रेशमाने भरलेले, मोठमोठी वळणदार पानं आणि फुलं. आईने दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला आणि एकदम म्हणाली, "अगं हा तर आरीचा साखळी टाका आहे!" आणि होताच. गुजरात-कच्छचे मोची कारागीर, चामडं शिवायची त्यांची आरी, त्याच आरीने कापडावर साखळी टाका भरायची कला त्यांच्याकडे होती आणि ईस्ट इंडिया कंपनी सुरतेच्या वखारीतून तो माल इंग्लंडला न्यायची. सुरत म्हणजे तेच सुरत, १६६४ आणि १६७० मध्ये महाराजांनी लुटलेलं. आणि आज आपल्याकडे लग्नाच्या ब्लाउजवर पाच-पाच हजार देऊन जे आरी वर्क करून घेतात ते तेच हत्यार आणि तोच टाका. आईच्या क्लासमधल्या दोन मुली आता फक्त आरी वर्कवर घर चालवतात. आईने त्या फोटोचा स्क्रीनशॉट त्यांना पाठवला तेव्हा आमच्याकडे रात्रीचे अकरा वाजले होते, म्हणजे तिकडे पहाटेचे साडेतीन.

हा माल तिथे इतका खपायला लागला की तिथल्या विणकरांनी आरडाओरडा केला आणि १७०० साली पार्लमेंटने कायदाच केला, भारतातलं रंगवलेलं-छापलेलं सुती कापड आणि भारत, इराण, चीनचं रेशमी कापड इंग्लंडमध्ये वापरायचं नाही म्हणून. पुढे तो आणखी कडक झाला. डेव्हिड गॅरिक म्हणून त्या काळातला फार मोठा नट होता, त्याच्या बायकोला कलकत्त्याहून पलंगाचे पडदे भेट आले, मच्छलीपट्टणमचं चिंट्झ म्हणजे रंगवलेलं सुती कापड, ते १७७५ साली कस्टमवाल्यांनी जप्त केले आणि एवढ्या मोठ्या माणसाला सरकारदरबारी पत्र लिहून विनवणी करावी लागली. तो पलंगही आता त्याच म्युझियमकडे आहे. मला हे वाचून राग आला हे मी सरळ सांगते. ज्यांच्या हातचा टाका इतका चांगला होता की कायदा करून थांबवावा लागला, त्या हातांपैकी एकाचंही नाव कुठल्या पाटीवर नाही. गॅरिकचं आहे, ॲशबर्नहॅमचं आहे.

मग मी आईला केल्म्स्कॉटचा पलंग दाखवला, मी तिकडे दोन वर्षांपूर्वी गेले होते. ऑक्सफर्डशायरमधलं विल्यम मॉरिस या कवी आणि डिझायनरचं घर. ओकचा जुना पलंग, आणि त्याचे पडदे त्यांच्या मुलीने, मे मॉरिसने, १८९० नंतरच्या काही वर्षांत भरले. वरच्या झालरीवर वडिलांनी त्या पलंगावर लिहिलेली कविता तिने टाक्यांनी लिहिली आहे. मदतीला लिली येट्स होती, कवी येट्सची बहीण. त्या घरात थंडी मरणाची असायची, वडील म्हातारे होत चाललेले, आणि मुलगी दोन-तीन बायकांना हाताशी धरून पडदे भरतेय. हा पलंग मानाचा नव्हता, वडील त्यावर खरोखर झोपायचे. १८९६ साली ते गेले, म्हणजे ते पडदे त्यांना जेमतेम दोन-तीन वर्षं मिळाले. आईला भरतकाम म्हणून हा पलंग कॅल्कच्या पासंगालाही पुरला नाही, पानाचा टाका बघून म्हणाली बरा आहे. पण दुसऱ्या दिवशी फोनवर मावशीशी बोलताना तिने कॅल्कचं दोन वाक्यांत सांगितलं आणि या मुलीबद्दल मात्र पंधरा मिनिटं बोलत होती.

जाण्याआधी तिने आणखी एकदा कॅल्कला जाऊ म्हटलं. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा पलंगासमोर उभी न राहता तिने त्या स्वयंसेविकेला माझ्यामार्फत प्रश्न विचारले. घडी घातलेलं रेशीम उलगडताना काय करायचं? चिरलं असेल तर? त्या बाईंनी सांगितलं की मोठी कापडं आम्ही घडी घालून ठेवतच नाही, नळीवर गुंडाळतो. जाड नळी, तिच्यावर स्वच्छ सुती कापड, मग कापड सैलसर गुंडाळत जायचं, भरतकाम बाहेरच्या बाजूला, वरून परत सुती कापड. गाठ नाही, रबरबँड नाही, रुंद नाडी. आईने हे सगळं पर्समधल्या बिलाच्या मागे लिहून घेतलं, मराठीत, छोटं चित्र काढून.

नाशिकला परतल्यावर पंधरा दिवसांनी तिचा व्हिडिओ कॉल आला. रविवार कारंज्याजवळच्या कापड दुकानातून तिने ठाणाची पुठ्ठ्याची नळी मागून आणली होती. त्यावर बाबांचं धुतलेलं धोतर. मावशी एका टोकाला, ही दुसऱ्या टोकाला, मधे पलंगावर पैठणी पसरलेली, त्याच पलंगावर. चिरलेल्या रेषा मला स्क्रीनवर सुद्धा दिसत होत्या. दोघी मिळून बोटाबोटाने गुंडाळत होत्या आणि मावशी सारखी म्हणत होती, हळू गं, हळू. मधेच पदर आला तेव्हा आई थांबली. पदर आणि त्याच्या अलीकडचा हातभर भाग अखंड होता. तिथे घडी पडलीच नव्हती, कारण पदर कायम वर ठेवलेला असायचा.

नळी कपाटात मावेना, चार फुटी आहे. शेवटी पलंगाखाली ठेवली. मला म्हणाली, पदराचं काय करायचं ते तू आलीस की ठरवू, नव्या कापडावर लावता येईल, नाहीतर तुझ्या लेकीचं परकर-पोलकं होईल, तू ये आधी, मग कात्री लावू.

मी म्हटलं, आई, मला यायला दीड वर्ष तरी लागेल. माझ्यासाठी थांबू नकोस. नव्या साडीला लाव आणि येत्या दिवाळीला तू नेस.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मागून मावशीचा आवाज आला, "तिला कशाला विचारतेस, घडी मी मोडते की!"

आणि मग दोघीही हसायला लागल्या, आणि कॉल कट झाला.